दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय मुंगीस,

अनेक आशीर्वाद. थोडे तुला, थोडे जावईबुवांना आणि उरलेले सगळे पोटातल्या पाहुण्याला. त्याला सांग की आजोबा खुशाल आहेत आणि वसतिगृहातल्या दोनशे पोरांना रोज दोन वेळा वाढून हात अजून थकलेले नाहीत.

पत्र बघून तू म्हणशील, बाबाला हे काय सुचलं, फोन असताना पत्र कोण लिहितं? अगं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. तेल बसलंय बहुतेक त्याच्यावर. दिवसभर शेगडीपुढे माणसावर तेल बसतं, तिथे फोनची काय कथा. आणि नुसत्या आवाजावर तुझं भागत नाही, लगेच "चेहरा दाखव, उभा राहा, लांब जा" सुरू. म्हणून म्हटलं, पत्र बरं. पत्रात मध्येच कुणी उभं राहायला सांगत नाही.

तुझा भात करपला हे ऐकून आधी हसलो, मग वाईट वाटलं. आचाऱ्याची मुलगी आणि भात करपवते! पण तू तो सगळाच्या सगळा टाकून दिलास, हे मात्र मला पटलं नाही. किती वेळा सांगितलंय? करपलेला भात ढवळायचा नाही. खरवडायचाही नाही. वरचा वरचा हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचा, झाकण ठेवायचं, आणि खालचं जे काळं झालंय ते राहू द्यायचं पाण्यात भिजत. तुझी आई गेली त्या वर्षी तू पहिल्यांदा भात लावला होतास, आठवतं? करपला म्हणून पातेलं घेऊन रडत मोरीकडे निघाली होतीस. मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं आणि त्यातलाच भात आपण दोघांनी खाल्ला. चांगला झाला होता. पातेलं टाकायचं नाही, हा आपल्या घराचा कायदा आहे. तू सासरी गेलीस म्हणून तो रद्द झालेला नाही.

इकडची बातमी म्हणजे परवा सूप खारट झालं. मोठ्या पातेल्यात कुणाच्या तरी हातून मीठ दोनदा पडलं. वाढायला थोडाच वेळ उरला होता. भाजी चिरणाऱ्या मावशी कपाळाला हात लावून बसल्या. मी निम्मं सूप दुसऱ्या पातेल्यात काढलं, दोन्हींत पाणी वाढवलं, उकडलेले बटाटे कुस्करून घातले, थोडं दूध घातलं. पोरांनी बोटं चाटली. एकाने तर येऊन विचारलं, काका, आज काही वेगळं घातलंय का? म्हटलं, हो, अनुभव.

आता तू विचारलंस त्याबद्दल. मे महिन्यात यायचं, जावईबुवा कामावर बाहेरगावी असतील तोवर दोन महिने राहायचं, हे तू जानेवारीत सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात आहेच. डॉक्टरांनी तुला जिना चढ-उतार करायला मनाई केलीये, घरात एकटीने राहणं बरं नाही, सगळं समजतं मला. पण रजेचं जरा अवघड दिसतंय. परीक्षा तोंडावर आहेत आणि बदली आचारी मिळत नाही. आमचे अधीक्षक म्हणजे तुला माहीत आहेत, एका शब्दाला दहा फाटे. बघतो. एप्रिलपर्यंत काही ना काही नक्की होईल.

जावईबुवांना विचार, सगळ्या गावाला लिफ्ट बसवून देणारा माणूस स्वतः चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या घरात कसा राहतो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चिडवतोय हं, रागावू नका म्हणावं.

वजनाचं विचारलंस. उत्तम आहे.

तो फोटो अजून तुझ्या फ्रीजवर लावलेला आहे का? सहज विचारतोय.

जिना उतरू नकोस. भूक लागेल तेव्हा खा.

तुझा,
बाबा

•

दि. १६ मार्च, सोमवार

प्रिय मुंगीस,

आशीर्वाद.

रजेचं काही जमत नाही असं दिसतं. मी बरेच प्रयत्न केले. तुझ्या शेजारच्या बाई चांगल्या आहेत असं तूच म्हणाली होतीस, त्यांना विचारून एखादी दिवसभर राहणारी बाई बघून ठेव. स्वयंपाक साधा करायला सांग. तेल बेताचं.

नाहीतरी मी येऊन काय करणार? तुमच्या दोन खोल्यांत माझी अडचणच व्हायची. बाळ झालं की मग सावकाश येईन. तोपर्यंत इथलंही सगळं मार्गी लागलेलं असेल.

फोनचा कॅमेरा अजून तसाच आहे. त्याचा बदलायचा भाग आलेला नाही.

काळजी घे.

कामात असलेला,
बाबा

•

दि. १६ एप्रिल, गुरुवार

मुंगे,

आज आशीर्वाद शेवटी. आधी तू काय म्हणालीस ते लिहितो, म्हणजे मी नीट ऐकलं होतं हे तुला कळेल.

गेल्या बुधवारी संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मला तुझ्या हातचं जेवण नकोय. तू हवायस. तुला यायचंच नसेल तर सरळ सांग. मी पुन्हा विचारणार नाही."

तुझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, दोघं भांडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. तू शांतपणे बोललीस, फोन ठेवलास आणि तेव्हापासून केला नाहीस. मी रोज तो फोन खिशातून काढून बघतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मला कळतं, पण झाकण धरून बसायची सवय जात नव्हती.

मला यायचं आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

रजा मला जानेवारीतच मिळाली आहे. अधीक्षकांनी मान वर न करता "जा, जा" म्हटलं होतं, वर विचारलं की नातवंडाला द्यायला काय नेणार? त्या बिचाऱ्यांना मी तुझ्यासमोर उगाच खलनायक केलं. बदली आचारीही ठरलेला आहे. फोनच्या कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. तुझा फोन आला की मीच बोटाने त्याच्यावर पीठ लावायचो. आणि सुपात मीठ "कुणाच्या तरी हातून" दोनदा पडलं होतं ना? तो कुणीतरी म्हणजे मी.

सगळ्याच्या मागे एकच गोष्ट आहे. माझं वजन परत वाढलंय, मुंगे. आपण दोघांनी मिळून जे वीस किलो उतरवले होते, ते सगळे परत आले आणि येताना आणखी दोन सोबत घेऊन आले. पहिले पाढे पंचावन्न म्हणावं तर तेही नाही, आता सत्तावन्न.

तुला आठवतं ना ते वर्ष? डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचं नि रक्तदाबाचं सांगितलं आणि तू मनावर घेतलंस. रोज सकाळी तू मला ओढून फिरायला न्यायचीस, वसतिगृहाच्या कोठीत बटाट्याच्या पोत्यांच्या काट्यावर मला उभं करायचीस. काटा खाली आला की मावशींना हाका मारून बोलवायचीस. आणि शेवटी तो फोटो. माझ्या जुन्या पँटच्या एकाच पायात माझे दोन्ही पाय, आणि मी असा हसतोय की जणू शर्यत जिंकलोय. त्याच आठवड्यात मी माझे सगळे मोठे कपडे देऊन टाकले. तू म्हणालीस, एखादी पँट ठेव, घरात रंगबिंग द्यायला कामाला येईल. मी म्हटलं, नाही, परतीचा रस्ताच नको. केवढी ऐट होती. नंतर मला तसल्याच मापाच्या पँटी घ्यायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं, जिथे मला कुणी ओळखत नाही. आणि आता बाहेर जातानाही मी एप्रन काढत नाही. बँकेत एप्रन, न्हाव्याकडे एप्रन. लोकांना वाटतं, काय कामसू माणूस आहे.

तू विचारशील, हे झालं कधी? तू गेलीस म्हणून झालं असं मनात आणू नकोस. तू गेल्यावर झालं, एवढंच. मला दोनशे माणसांचा स्वयंपाक येतो. दोघांचा येतो. एकाचा येत नाही. तुझी आई होती तेव्हा तिघांचा करायचो, ती गेल्यावर दोघांचा करायला शिकलो आणि ते शिकायलाही वर्ष गेलं होतं. तू गेल्यावर घरी रात्रीचं जेवण करायला उभा राहायचो आणि हाताला दोघांचंच माप यायचं. ताटं दोन घ्यायचो. तुझं ताट समोर ठेवून माझं संपवायचो, आणि मग पातेलं टाकायचं नाही हा कायदा, म्हणून तुझंही संपवायचो. चवीला म्हणून नाही. ते ताट तसंच राहिलेलं मला बघवत नसे.

पँट घट्ट झाली तेव्हा कळलं. मग मी ठरवलं, सोमवारपासून. माझं सगळं सोमवारपासून असतं, तुला माहीत आहे. सोमवारी साखर बंद, पाव बंद, भात बंद, पहाटे फिरणं, रात्री उपाशी. मंगळवार छान. बुधवार छान. गुरुवारी कुणीतरी केक आणायचं, त्यातला तुकडा तोंडात जायचा आणि मग मी म्हणायचो, आता काय, हा आठवडा गेलाच. गेलाच आहे तर नीट जाऊ दे. बुडत्याचा पाय खोलात. बिस्किटांचा डबा मी एकतर उघडत नाही, नाहीतर रिकामा करतो. मधलं काही मला माहीतच नव्हतं.

जानेवारीत तू बातमी सांगितलीस. मी फोन ठेवून कोठीत जाऊन रडलो, आनंदाने. डोळे पुसले आणि समोर तो पोत्यांचा काटा. तिथेच शपथ घेतली की मे महिन्यापर्यंत फोटोतला माणूस होऊनच तुझ्या दारात उभा राहीन. नाहीतर जाणार नाही. तो "नाहीतर" मी केव्हा घातला ते मलाही कळलं नाही.

या खेपेला तर मी कहर केला. ठरवलं की बाहेरचा कणही तोंडात जाऊ द्यायचा नाही. कण म्हणजे कण. स्वयंपाक करताना चवसुद्धा घ्यायची नाही. हसशील, पण आठ दिवस मी चव न घेता दोनशे पोरांना जेवू घातलं. वासावर नि रंगावर. मग एके दिवशी मीठ टाकलं, मावशी काही बोलल्या म्हणून वळलो, परत येऊन पुन्हा टाकलं. एक चमचा चाखला असता तर तिथेच कळलं असतं. मावशी नंतर म्हणाल्या, "दादा, आचाऱ्याने चाखायचं सोडलं तर पोरांनी काय देवावर हवाला ठेवून जेवायचं?" मी त्यांच्यावरच डाफरलो.

दुसऱ्या पत्राच्या आदल्या दिवशी मी एक पाव खाल्ला. भट्टीतून आत्ता आलेला, लोणी लावलेला. एकच. इतके दिवस निभावलं होतं, काटा थोडा खालीही आला होता. पण एक पाव गेला आणि मी मनात म्हटलं, संपलं, आता मेपर्यंत होणं नाही, ये रे माझ्या मागल्या. मग दुसरा, मग मोजले नाहीत. सोमवारी सकाळी तुला लिहायला बसलो. ते पत्र इतकं कोरडं का होतं, हे आता तुला कळलं असेल. "माझी अडचणच व्हायची" असं मी लिहिलं होतं ना, ते खोल्यांबद्दल नव्हतं. तुझा जिना मला चढवेल का, चौथ्या मजल्यावर धापा टाकत दारात आलो तर तुझ्या चेहऱ्यावर काय दिसेल, आणि आत गेल्यावर फ्रीजवर तो दुसरा बाबा हसत असेल, त्याच्या शेजारी मी कसा उभा राहू, हे सगळं त्या एका शब्दात कोंबलं होतं.

आता गेल्या बुधवारचं. तुझा फोन आला तेव्हा मी घरी होतो आणि गॅसवर भात होता. तू बोललीस, फोन ठेवलास. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. वास आला तेव्हा उठलो. भात करपला होता. तीस वर्षं चुलीपुढे काढली, पण घरात माझ्या हातून भात करपलेला मला तरी आठवत नाही.

सवयीने मी दुसरं भांडं घेतलं. वरचा वरचा भात हलक्या हाताने काढायला लागलो. ढवळला नाही, खरवडला नाही. अर्धा काढून झाला आणि तुला लिहिलेलं ते पत्र आठवलं. केवढा शहाणपणा शिकवला होता मी तुला! मी उभ्या आयुष्यात एक पातेलं टाकलेलं नाही, मुंगे. दोनशे पोरांचं खारट सूप मी वाचवलं. आणि एका पावासाठी मी स्वतःचे दोन महिने मोरीत ओतले, आणि त्यांच्यामागून तुझ्याकडे येणंही ओतायला निघालो होतो. मला आधी हसू आलं. मग उरलेला भातही काढला आणि काळं पातेलं पाण्यात भिजत घातलं.

भात चांगला होता. मी दोन ताटं वाढली, नेहमीसारखी. पण दुसऱ्यावर झाकण ठेवलं आणि ते घेऊन खाली गेलो. आपल्या खालच्या मजल्यावरचे घड्याळजी तुला आठवतात ना, तुझं शाळेचं घड्याळ दुरुस्त करून द्यायचे ते? एकटेच असतात आता. दार उघडून त्यांनी ताट हातात घेतलं. मग म्हणाले, "रोज तुमच्याकडून दोघांच्या जेवणाचा वास येतो, पण बोलणं एकाचंही ऐकू येत नाही. मी म्हटलं, विचारावं कसं?" मी माझंही ताट खाली आणलं आणि आम्ही तिथेच जेवलो. त्यांनी वाढलेलं सगळं संपवलं. आता रात्री मी दोघांचं करतो आणि दोघं जेवतो. एकाचं माप शिकायचा हट्ट मी सोडून दिला आहे.

त्या रात्री घरी येऊन बिस्किटांचा डबा उघडला. दोन खाल्ली. मग डबा बंद केला. तुला यात काही विशेष वाटणार नाही, पण मी तो बंद डबा हातात धरून थोडा वेळ बघत बसलो, कारण अर्धा भरलेला डबा मी माझ्या घरात पहिल्यांदाच बघत होतो.

लगेच सगळं सुधारलं असं सांगून तुला पुन्हा फसवणार नाही. शनिवारी वसतिगृहात पोरांचा निरोपाचा कार्यक्रम होता आणि माझ्या हातून केक जरा जास्तच खाल्ला गेला. जरा म्हणजे चांगलाच. सवयीप्रमाणे डोकं म्हणालं, गेलाच आठवडा, आता सोमवार. मी डोक्याला म्हटलं, गेलं ते दुपारचं जेवण गेलं, आठवडा आहे जागच्या जागी. संध्याकाळी घड्याळजींना घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून आलो आणि रात्री रोजच्यासारखं जेवलो. उपाशी राहिलो नाही. सोमवारी काट्यावर उभा राहिलो तर काटा होता तिथेच होता. पूर्वी मी त्या काट्याला शिव्या घातल्या असत्या. या वेळी मावशींनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, काही म्हणत नाही, आणि पोरांच्या चहाचं आधण ठेवलं.

चव घेणंही पुन्हा सुरू केलं आहे. छोटा चमचा ठेवलाय. मावशींनी पहिल्या दिवशी मला चाखताना बघितलं आणि सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. पोरंही म्हणतात, काका, जेवण परत पहिल्यासारखं व्हायला लागलंय. म्हणजे मधल्या काळात ती बिचारी काय खात होती ते तीच जाणोत.

डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. दीड वर्ष त्यांचं तोंड चुकवत होतो, बाजारात दिसल्या तर रस्ता बदलायचो. वाटलं होतं, आता झापतील. त्यांनी रक्तदाब बघितला, गोळी बदलली आणि विचारलं, इतके दिवस कुठे होता? मी म्हटलं, बारीक व्हायची वाट बघत होतो, म्हणजे मग तुमच्याकडे येता आलं असतं. त्या हसल्या. त्यांना तुझ्या जिन्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, चढा, पण मध्ये बसा, शर्यत लावू नका. तेव्हापासून वसतिगृहाचा जिना रोज चढतोय. एक मजला सलग जमतो. दुसऱ्याला फुफ्फुसं कुरकुरतात, पण जमतो. तिथे पोरांच्या गाद्या ठेवायची पेटी आहे, तिच्यावर बसतो, श्वास जागेवर आला की तिसरा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना वाटतं, काका गाद्या मोजायला आलेत.

तेव्हा आता नीट ऐक. मेच्या पहिल्या शनिवारचं तिकीट काढलं आहे. जावईबुवा रविवारी निघणार, म्हणजे एक दिवस आम्हाला एकमेकांना चिडवायला मिळेल. मी आहे तसा येतोय. एप्रन घालून येणार नाही. माझं वजन दोन महिन्यांत तुझ्याकडे थोडं उतरेलही, कदाचित मध्ये थोडं चढेल. मी रोज तुझ्याबरोबर घरातल्या घरात फेऱ्या मारीन. डॉक्टरांनी तुला जेवढ्या सांगितल्यात तेवढ्याच, जास्त नाही, कारण तूही माझीच मुलगी आहेस. करपलेला भात सगळा टाकून देणारी. हे तुझ्यात कुठून आलं ते मला माहीत आहे, आणि त्या पाहुण्यात ते पुढे जाऊ नये अशी माझी फार इच्छा आहे.

फ्रीजवरचा फोटो काढू नकोस. मी येणार म्हणून घाईघाईने कपाटात लपवशील, मी ओळखतो तुला. राहू दे तो. तोही मीच आहे आणि त्या वर्षी आपण दोघं खूप हसलो होतो. फक्त शेजारी थोडी जागा कर, बाळाबरोबरचा माझा एक लावू. त्यात मी जसा असेन तसा.

आणि एक काम आहे, ते जावईबुवांना सांग, तू उठू नकोस. तुमचे चार मजले आहेत. मला एका दमात चढता येणार नाहीत. एका दमात चढता येतील तेव्हाच जाईन, असं मी इतके दिवस म्हणत होतो आणि तेवढ्यात तुझे सात महिने झाले. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, कुणाच्या येण्याजाण्याच्या आड येणार नाही असं एक स्टूल ठेवायला सांग. भक्कम असू दे, शोभेचं नको. मी तिथे बसेन, पाणी पिईन, आणि श्वास जागेवर आला की उरलेले दोन चढेन. कितीही वेळ लागला तरी तू खाली यायचं नाहीस. दार उघडं ठेव आणि वरून मला हाक मारत राहा, म्हणजे किती उरलंय ते कळेल.

आता आशीर्वाद. सगळे.

दुसऱ्या मजल्यापर्यंत नक्की पोचणारा,
तुझा बाबा